बागेच्या फाइलमध्ये सावलीला जागा द्या: गोव्यातल्या पंच आणि नगरसेवकांना खुले पत्र

प्रति,
महापौर, नगराध्यक्ष, सरपंच, नगरसेवक आणि पंच सदस्य,
गोव्यातील सर्व पालिका व ग्रामपंचायती

स. न. वि. वि.

आपल्यापैकी कुणा ना कुणाच्या टेबलावर या घडीला एखाद्या बागेच्या सौंदर्यीकरणाची फाइल असणारच. तिच्यात काय असतं ते आता पाठ झालंय: पेव्हर ब्लॉक, स्टीलचं रेलिंग, ओपन जिम, रंग बदलणारं कारंजं आणि मधोमध गावाच्या नावाची इंग्रजी अक्षरं, शेजारी लाल बदाम. उद्घाटनाच्या दिवशी फोटो झकास येतात. दोन पावसाळे गेले की कारंज्यात डास, अक्षरांतलं एखादं विझलेलं, आणि जिमच्या यंत्रावर कुणाची तरी वाळत घातलेली चादर. हा दोष एका पालिकेचा नाही, एका पक्षाचा तर नाहीच. फाइल कॅटलॉगमधून तयार होते, आणि कॅटलॉगला काणकोण काय नि पेडणे काय, सगळं सारखंच.

माझी मागणी लहान आहे. पुढच्या फाइलमध्ये ती मधली जागा सावलीच्या घड्याळाला द्या. घड्याळ त्याच गावातल्या माणसांकडून करून घ्या. आणि त्याच्या भोवतीची शे-दोनशे चौरस मीटर जमीन वाड्यावरच्या लोकांना भाजी-फुलं लावायला मोकळी ठेवा.

मी फोंडा तालुक्यात मराठी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. ‘एका रेखांशाला चार मिनिटं’ हे पोरांकडून घोकून घेण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तेव्हा या मागणीत माझा थोडा स्वार्थ आहे, तो आधीच सांगून टाकते.

पुतळा बाहेरून मागवता येतो, कारंजंही येतं. सूर्यघड्याळ तसं मागवता येत नाही. त्याचा काटा पृथ्वीच्या अक्षाला समांतर असावा लागतो, म्हणजे नेमका उत्तरेकडे रोखलेला आणि जमिनीशी त्या गावाच्या अक्षांशाइतका कोन करणारा. पणजी-फोंड्याला हा कोन साडेपंधरा अंशांच्या आसपास येतो, जयपूरला सत्तावीसच्या, लंडनला साडेएक्कावन्नच्या. बाजारात रोमन आकड्यांच्या ज्या सुबक पितळी तबकड्या मिळतात, त्या बहुतेक युरोपातल्या बागांच्या नमुन्यावर घडवलेल्या असतात आणि त्यांचा काटा आपल्याकडच्या मानाने फारच उभा असतो. अशी एक तबकडी मी गोव्यातल्याच एका बागेत पाहिली. बागेचं नाव घेत नाही. पितळ उत्तम, नक्षी उत्तम, काटा इंग्लंडच्या आकाशाकडे. आणि बाराचा आकडा उत्तरेला असायचा तो बाकाकडे, कारण बसणाऱ्याला तो सुलटा दिसावा! बाक पश्चिमेला होता.

गोव्याचा या विद्येशी जुना संबंध आहे. दिल्ली, जयपूर, उज्जैनच्या वेधशाळा बांधणाऱ्या सवाई जयसिंगाने १७२७ च्या सुमारास मानुएल द फिगेरेदो या जेझुइट पाद्रीबरोबर एक शिष्टमंडळ पोर्तुगालला धाडलं. ते गोव्यामार्गे लिस्बनला गेलं आणि येताना ला हीर या फ्रेंच ज्योतिर्विदाची कोष्टकं घेऊन आलं. युरोपात या कोष्टकांना मान होता. जयसिंगाने ती आपल्या दगडी यंत्रांवर घेतलेल्या वेधांशी ताडून पाहिली, आणि चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाची तफावत निघाल्याचं त्याच्या दरबारी सिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवलं. आपल्याच बंदरातून गेलेली माणसं परदेशातून ज्ञान घेऊन येतात आणि राजा म्हणतो, ठेवा इथे, आधी आमच्या आकाशाशी जुळतंय का बघू. ही गोष्ट गोव्यातल्या मुलांना कुणी सांगत नाही याचं मला राहून राहून वाईट वाटतं. जयपूरचं सम्राट यंत्र २७ मीटर उंच आहे आणि त्याची कललेली भिंत जयपूरच्याच अक्षांशाची आहे. ते उचलून मिरामारला आणून ठेवलं तर आपल्याला त्याच्याकडून बरोबर वेळ मिळणार नाही.

आता सावलीचं घड्याळ आपल्या मनगटावरच्या घड्याळापेक्षा जी पस्तीसेक मिनिटं मागे असतं, त्यांच्याविषयी. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. ती रेघ मिर्झापूरच्या जवळून जाते. पणजी ७३.८ अंशांवर. फरक पावणेनऊ अंशांच्या आत-बाहेर, अंशाला चार मिनिटं, म्हणजे पस्तीस मिनिटं. मुंबईने तर १९०६ नंतरही स्वतःची वेगळी वेळ, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागची, १९५५ पर्यंत चालवली होती. आपल्याकडे चर्चची दुपारची घंटा घड्याळात बारा वाजता होते तेव्हा सूर्य अजून मध्यावर आलेला नसतो. किती उशीर, ते महिन्यावर ठरतं. एप्रिलच्या मध्यात ३५ मिनिटं. फेब्रुवारीच्या मध्यात जवळपास ४९. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अवघी १८. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, या दोन गोष्टींनी हा चढउतार होतो. दहावीच्या पोराला हे फळ्यावर शिकवलं तर तो जांभई देतो. त्याच्या गावच्या बागेत सावली आणि मोबाइल एकमेकांशी भांडताना दिसले की तोच पोरगा ‘कोण खोटं बोलतंय’ म्हणून विचारतो. दोघंही खरं बोलताहेत हे त्याला पटवायला मग भूगोलाच्या बाईंची गरज उरते की नाही, हा माझा प्रश्न.

म्हणून माझं मत असं, की घड्याळावर स्थानिक सौरवेळच कोरावी. रेघा पस्तीस मिनिटांनी सरकवून प्रमाणवेळेशी थोडीफार जुळवता येतात, बरेच लोक तसं करतातही. पण मग बागेत आणखी एक घड्याळ आलं, एवढंच. त्यापेक्षा शेजारी महिनावार किती मिनिटं मिळवायची त्याचा फलक लावा, मराठी, कोकणी आणि इंग्रजीत. वजाबाकी-बेरीज करणारा माणूस तिथे दोन मिनिटं जास्त थांबतो.

घड्याळ कुठल्या जातीचं करावं, यावर मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण नेमकी इथेच चांगल्या हेतूची माणसं फसतात. जगभर बागांमध्ये लोकप्रिय आहे ते ‘मानवी’ घड्याळ: जमिनीवर लंबवर्तुळात तासांचे दगड, मधल्या पट्टीवर महिने, आपण आजच्या तारखेवर उभं राहायचं आणि आपलीच सावली काटा होते. मुलं त्यावर खूश असतात. पण हे लंबवर्तुळ किती फुगीर असावं, तेही अक्षांशच ठरवतो. आपल्याकडे ते फारच चपटं होतं. पूर्व-पश्चिम सहा मीटर घेतलं तर उत्तर-दक्षिण रुंदी जेमतेम एक मीटर साठ सेंटिमीटर. तारखांची पट्टी मात्र मध्यापासून दोन्ही बाजूंना सव्वा मीटर, म्हणजे जूनमध्ये उभं राहायची जागा वर्तुळाच्या बाहेर जाते. गणित चुकलेलं नसतं, पण कंत्राटदाराला ते चुकलंय असं वाटतं आणि तो ‘नीट’ करून टाकतो. शिवाय एप्रिल ते ऑगस्ट भर दुपारी आपली सावली पायापाशीच घुटमळते, तासाच्या दगडापर्यंत पोचतच नाही. शाळेच्या पटांगणात हिवाळ्यातल्या सकाळसाठी हे घड्याळ छान. गावाचं मुख्य घड्याळ म्हणून मी ते सुचवणार नाही.

दक्षिणेकडच्या भिंतीवर लावायचं घड्याळही आपल्याकडे अर्धवट. मेच्या सुरुवातीपासून १० ऑगस्टच्या आसपासपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, तेव्हा त्या भिंतीवर भर बारालाच ऊन नसतं. एक मीटरची काठी उभी केली तर २१-२२ डिसेंबरला माध्यान्हीची सावली ८१ सेंटिमीटर उत्तरेकडे, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांना २८ सेंटिमीटर, आणि जूनअखेरीकडे झुकताना १४ सेंटिमीटर, पण दक्षिणेकडे. (डिसेंबरात सावली आखूड व्हायला लागते, म्हणजे सूर्य संक्रांतीच्या तीन आठवडे आधीच उत्तरेकडे वळलेला असतो. तिळगूळ तरीही जानेवारीतच खावा.) पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या भिंती मात्र वर्षभर कामाच्या: एकीवर सकाळ, दुसरीवर दुपारनंतरचा वेळ. या भिंतींवर तासांच्या रेघा एकमेकींना समांतर येतात, साडेपंधरा अंशांत कललेल्या. आणि रेघा ओढायला आपल्याकडे कावी आहे. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर आणि तो ओला असताना कोरून काढलेली नक्षी, ही आपल्या देवळांच्या भिंतींवरची कला. तिच्यात वेली, मोर, हत्ती काढणाऱ्या हाताला तासाच्या रेघा जड नाहीत. पंचायतघराची पूर्वेची भिंत बहुधा मोकळीच असते. तिच्यावर सध्या कुणाचे फ्लेक्स लागतात ते आपण जाणताच.

बागेच्या मधोमध ठेवायला मला आवडतं ते ध्रुवीय घड्याळ. दक्षिणेकडून उत्तरेकडे साडेपंधरा अंशांनी चढत जाणारा सपाट दगड, त्याच्या मधोमध दक्षिणोत्तर उभी बसवलेली धातूची पट्टी. बस्स. पट्टीची वरची कड म्हणजे काटा. पट्टी २० सेंटिमीटर उंच धरली तर दुपारपासून एक तासावरची रेघ पट्टीपासून ५.४ सेंटिमीटरवर, दोन तासांवरची ११.५, तीन तासांवरची बरोबर २०, चार तासांवरची ३४.६. हे आकडे दहावीच्या त्रिकोणमितीतून निघतात. वर्गात बसून मुलांनी काढावेत आणि शनिवारी येऊन खडूने आखावेत. हे घड्याळ सकाळी सहा नि संध्याकाळी सहा दाखवू शकत नाही, ही त्याची मर्यादा. पण साडेपंधरा अंशांचा तो उतार आपल्या पावसाला सोयीचा आहे, पाणी साचत नाही. आडव्या तबकडीवर जुलैत डबकं होतं.

दगड कुठला? चौथरा चिऱ्याचा करा, तो आपलाच आहे आणि गवंडीही मिळतो. रेघा मात्र चिऱ्यावर कोरू नका. चिरा सच्छिद्र, एका पावसात शेवाळ धरतो, बारीक रेघ वर्षा-दोन वर्षांत बुजते. वरचा पाट काळ्या दगडाचा किंवा आझुलेज, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या रंगवलेल्या चकचकीत, फरशांचा. निळ्या-पांढऱ्या फरशांवर तासाचे आकडे, कडेने त्या गावची झाडं-पाखरं, हे काम करणारे हात गोव्यात आहेत. तासांच्या खुणांना शिंपले बसवा हवं तर. पूर्वी घरांच्या खिडक्यांना ते लागत असत. लोखंड नको, किनाऱ्यालगत तर मुळीच नको. पितळ चोरीला जातं, हे नगरसेवकांना मी सांगायला नको. पट्टी दगडाचीच घडवली तरी चालते.

दिशा ठरवायची तर होकायंत्रावर विसंबू नका. चुंबकीय उत्तर आणि खरं उत्तर एक नाही, आणि काँक्रीटमधल्या सळया सुई आणखी भरकटवतात. शुल्बसूत्रांपासून चालत आलेली रीत वापरा: सपाट जागी सरळ काठी, तिच्याभोवती वर्तुळ. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवेल तिथे एक खूण, दुपारनंतर पुन्हा शिवेल तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम. यज्ञवेदी आखणाऱ्यांना हे पुरलं, आपल्या बागेलाही पुरेल. त्या दिवशी सगळ्या वाड्याला बोलवा, चहा ठेवा. भूमिपूजनापेक्षा गर्दी जास्त होईल अशी माझी पैज.

ज्या पंचायतीकडे पैसेच नाहीत, तिच्यासाठी माझ्या मनात याहून साधी, आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यांत जास्त आवडणारी कल्पना आहे. तीन मीटर उंचीवर, एखाद्या कमानीच्या टोकाशी, मध्ये सेंटिमीटरभर भोक असलेला तांब्याचा पत्रा आडवा बसवायचा. त्या भोकातून जमिनीवर तीन-चार सेंटिमीटरचा कवडसा पडेल. दर रविवारी, घड्याळात बरोबर १२ वाजून ३५ मिनिटांनी, कवडशाच्या मध्यावर एक खूण करायची. एक रविवार शाळेचा, एक स्वयंसाहाय्य गटाचा, एक पंचायतीच्या झाडूवाल्यांचा, एक देवस्थान समितीचा, एक पारिश कमिटीचा. खूण म्हणजे फरशीत बसवलेला गोटा किंवा शिंपला. वर्ष सरेल तसा जमिनीवर एक लांबोडा इंग्रजी आठ उमटत जातो: लांबी २ मीटर ८० सेंटिमीटरच्या आसपास, रुंदी अर्ध्या मीटरच्या आत. डिसेंबरचं टोक उत्तरेला सुमारे २ मीटर ४० सेंटिमीटर दूर, जूनचं टोक दक्षिणेला ४० सेंटिमीटरवर. मघाशी सांगितलेला मिनिटांचा चढउतार त्या आठाच्या पोटात दिसतो.

आणि तो आठ गोव्यात पहिल्या वर्षी पुरा होत नाही. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरतो, मग कित्येक रविवार कवडसा नाही. आठाचा लहान फेरा, नेमका पत्र्याच्या खालचा, मधेच तुटतो. तो तसाच ठेवा. अंदाजाने खुणा भरू नका, संगणकावर काढून तर नकोच. एखाद्या जुलैत रविवारी साडेबाराला उघडीप मिळेल, कुणीतरी धावत येऊन खूण करेल. सूर्य दरवर्षी त्या तारखेला जवळपास त्याच ठिकाणी असतो, त्यामुळे पाच-सात वर्षांत तो फेरा भरत येईल. कुठल्या साली कुठली खूण झाली ते फरशीवर कोरत गेलात, तर पावसाळ्याची वही आपोआप लिहिली जाईल.

शून्य सावलीचा दिवस यातच येतो. फोंडा-पणजीला मेच्या दोन-तीन तारखेला दुपारी साडेबारानंतर मिनिट-दोन मिनिटांत उभ्या खांबाची सावली पायथ्यात विरते. काणकोणात दीड-दोन दिवस आधी, पेडण्यात थोडं नंतर. दुसरा दिवस १० ऑगस्टच्या आसपास, पण तेव्हा ढगांची परवानगी लागते. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ, पणजीच्या म्युनिसिपल गार्डनमधला चार सिंहांचा खांब, हे आयते शंकू, म्हणजे सावली मोजायचे खांब, आहेत. त्यांच्याभोवती त्या दिवशी शाळा जमवायला कुठल्याही निविदेची गरज नाही. मार्गदर्शनाला गोवा विज्ञान केंद्र आहे, असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमीची मंडळी आहेत.

आता बाग. घड्याळाभोवती लोकांनी भाजी लावावी हे मी हौसेने सुचवत नाही. नुसता शिल्पाचा चौथरा कुणाचाच नसतो. तिथे दारूची बाटली ठेवायला कुणाला संकोच वाटत नाही. शेजारी कुणाच्या तरी तांबड्या भाजीचा वाफा असला तर दिवसातून दोनदा कुणीतरी येतं, गवत काढतं, पाट पुसतं, बाटली ठेवणाऱ्याला चार शब्द सुनावतं. शिवाय घड्याळाला उघडं आकाश लागतं, आणि भाजीच्या वाफ्यालाही तेच. घड्याळाच्या पूर्व, दक्षिण, पश्चिम या बाजूंना माड किंवा गुलमोहर लावून वनमहोत्सव साजरा केलात, तर दहा वर्षांत घड्याळ कायमचं झाकलं जाईल. झाडं हवीतच, पण उत्तरेला, अंतर राखून. बाकही तिथेच, सावलीत.

वाफ्यांत काय, ते माझ्यापेक्षा वाड्यावरच्या बायकांना जास्त कळतं. पावसात भेंडी, दोडका, काकडी. पाऊस सरला की तांबडी भाजी, मुळा, वाल, मिरची. म्हणजे घड्याळाची सुट्टी असते त्या महिन्यांत बाग सर्वांत जोरात असते, आणि घड्याळ नोव्हेंबर ते मे राबतं. वेल मात्र उत्तरेच्या मांडवावरच चढवा. घड्याळाच्या अगदी जवळच्या पट्ट्यात फुलं लावा, तीही वेळ पाळणारी. लिनियसने १७५१ मध्ये फुलांच्या उघडण्या-मिटण्यावरून वेळ सांगणाऱ्या बागेची कल्पना मांडली होती, ती स्वीडनच्या फुलांची. आपल्याकडे दिवस चढल्यावर उघडणारा चिनी गुलाब, माध्यान्हीच्या सुमारास फुलणारी ‘दुपारी’ नावाचीच फुलं, उन्हं उतरताना गुलबक्षी, रात्री रातराणी. उत्तरेच्या झाडांत एक पारिजात ठेवला तर पहाट त्याच्याकडे. ही फुलं मिनिट पाळणार नाहीत, ढगाळ दिवशी तर बेशिस्त वागतील. पण सूर्यघड्याळाला न दिसणारे तास त्यांच्याकडे सोपवता येतात.

दोन भीती खऱ्या आहेत. पहिली, शेजारची इमारत. दिल्लीच्या जंतर मंतरभोवती उंच इमारती उठल्या आणि कित्येक यंत्रांवरचे वेध निरुपयोगी झाले. आपल्याकडे बागेच्या दक्षिणेला आज भाट, म्हणजे माडांची बागायत, आहे म्हणून उद्याही भाटच असेल, असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू नये. जागा निवडताना शेजारच्या प्लॉटचा झोन बघा. बांधकामाचे परवाने देताना ही बाग आहे हे लक्षात असू द्या. दुसरी भीती बोलून दाखवायला लोक कचरतात. गोव्यात मोकळ्या जागी दगड उभा राहिला की आठ दिवसांत त्याला हार किंवा मेणबत्ती लागते. श्रद्धेबद्दल तक्रार नाही, पण हाराने काटा झाकतो. अंगणातली तुळस आणि अंगणातला खुरीस (क्रूस) दोन्ही सावली पाडतात, हे घड्याळ त्या दोन्ही अंगणांच्या मधल्या जागेचं आहे, एवढं फलकावर लिहून ठेवलं तर पुरे व्हावं. आणि काटा टोकदार ठेवू नका, खेळणाऱ्या पोरांचे डोळे त्याच उंचीवर असतात.

प्रशासकीय भाषेत सांगायचं तर: सूर्यघड्याळाचं काम सौंदर्यीकरणाच्या एकगठ्ठा निविदेतून बाहेर काढा. आधी एक वर्ष जागेचा अभ्यास होऊ द्या, महिन्याला एकदा ऊन कुठून कुठे जातं त्याची नोंद शाळेकडून घ्या, मगच चौथरा बांधा. हे वर्ष निवडणुकीच्या आदल्या वर्षी पडू नये, ही नम्र सूचना. वाफे कुणाला, किती वर्षांसाठी, पाणी कुणाचं, हे ग्रामसभेत ठरवा. कोमुनिदादची, म्हणजे गावकरी संस्थेच्या सामाईक मालकीची, जमीन असेल तर तिची लेखी संमती आधी. पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती बहुतेक ठिकाणी कागदावर आहेच, तिला हे काम द्या. देखभालीची तरतूद पाच वर्षांची करा. घड्याळात बिघडायला काही नाही, खर्च कुंपण, खत, पाणी आणि पाट घासण्याचा. उद्घाटनाचा फलक अवश्य लावा. फक्त तो घड्याळाच्या उत्तरेला आणि बुटका असावा, म्हणजे मान्यवरांच्या नावांची सावली तासांवर पडणार नाही.

शेवटचं, आणि अनुभवाने सांगते, सगळ्यांत महत्त्वाचं. बागेतल्या नळाची चावी कंत्राटदाराकडे किंवा पालिकेच्या कपाटात ठेवू नका. मार्चपासून मेपर्यंत वाफ्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं, आणि कपाट शनिवार-रविवारी बंद असतं. चावी समोरच्या घरात द्या, आणि दुसरी अंगणवाडीच्या मदतनीस बाईंकडे. त्या दोघींची नावं ठरावात लिहा.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
फोंडा, गोवा